सावेंचे सात नारळ

दिनकर सावे यांच्या खोलीला कुलूप नसतं. त्याची गरज पडत नाही. दार ढकलून कोणी आत डोकावलं की आतून प्रश्न येतो, "काम काय?" आवाजात राग नसतो. सावे मान वर करतात आणि उत्तराची वाट बघतात. ज्याच्याकडे उत्तर नसतं तो दार ओढून घेतो आणि निघून जातो.

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारतात. कारखान्याचे जनरल मॅनेजर देशमुख एकदा बाहेरच्या पाहुण्यांना घेऊन आले होते.

"काम काय?"

"काम असं नाही, सावे. यांना सर्व्हर रूम दाखवायची होती."

"काचेतून दिसते ना."

पाहुण्यांनी काचेतून पाहिली. जाताना त्यातल्या एकाने देशमुखांना विचारलं, की आत बसलेले गृहस्थ मालकांच्या नात्यातले आहेत का.

एसी दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाला मात्र आत खुर्ची मिळते, वर चहाही मिळतो. त्याच्याकडे काम असतं.

बोईसरला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कापड रंगवायची रसायनं तयार करणारा हा कारखाना आहे. मी इथे सूचना, पत्रकं आणि कारखान्याचं त्रैमासिक काढतो. त्याआधी पालघरला बातमीदार होतो. त्यामुळे सावे यांच्याबद्दल जे पाहिलं आणि जे त्यांच्याच तोंडून ऐकलं, तेवढंच इथे लिहितो आहे. ऐकीव गोष्टी पुष्कळ आहेत. त्या वगळल्या.

सावे मूळचे केळव्याचे, बागायतदारांच्या घरातले. वय पन्नाशीच्या पुढे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. जवळच्या सालवड गावात भाड्याच्या खोलीत एकटे राहतात. कारखान्याचा सगळा हिशेब, पगार, माल, तपासण्या ज्या मशीनवर साठवलेल्या असतात, ती मशीनं सांभाळणं हा त्यांचा व्यवसाय. या मशीनना गारवा लागतो, म्हणून खोली थंड ठेवलेली असते आणि म्हणून सावे बारा महिने स्वेटर घालतात. भर मे महिन्यात, गेटबाहेरच्या टपरीवर, सगळं बोईसर घामाने निथळत असताना बाह्यांचा तपकिरी स्वेटर घातलेला माणूस दिसला तर ते सावे असतात.

"सावेजी, अंदर बर्फ गिर रही है क्या?" टपरीवरचे कामगार विचारतात.

"आके देखो ना," सावे म्हणतात. "पर काम क्या है, वो पहले बताना."

हा नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला आहे. काम असल्याशिवाय ते कुठे जात नाहीत. डिस्पॅचचे प्रमुख तिवारी यांच्या मुलीचं लग्न होतं. तिवारी पत्रिका घेऊन खोलीत गेले. काम काय, ते सांगितलं. सावे यांनी पत्रिका वाचली, अभिनंदन केलं आणि विचारलं, "लग्नात माझं काम काय?"

"अरे सावेजी, काम काय असणार? यायचं, जेवायचं, आशीर्वाद द्यायचा."

"ते सगळेच करतील."

तिवारी हुशार माणूस. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "खुर्च्या बघा."

लग्नाच्या दिवशी सावे मंडपात सगळ्यांच्या आधी हजर होते. ओळी सरळ केल्या, डगमगणाऱ्या खुर्च्या बाजूला काढल्या, म्हाताऱ्यांना पंख्याखाली बसवलं. त्या दिवसाइतका खूश झालेला हा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता. जेवले मात्र सगळ्यात शेवटी, आणि उभ्याने.

*

आता मशीनबद्दल.

सावे यांच्या खोलीत सात सर्व्हर होते. सात लागत होते असं नाही. आधी अकाउंट्सने आपला घेतला. ते बघून डिस्पॅचने मागितला. मग प्रयोगशाळा म्हणाली, आमच्या तपासण्यांचे आकडे दुसऱ्यांच्या मशीनवर नकोत. मग स्टोअर, खरेदी, पगार, प्लँट. प्रत्येकाला स्वतःचा हवा होता आणि दुसऱ्याचा आपल्याहून मोठा नको होता.

"एका घरात सात चुली," सावे म्हणायचे. "आणि सातींवर दिवसभर नुसतं पाणी तापतंय."

ते खरं होतं. प्रयोगशाळेला सकाळी काम असायचं, डिस्पॅचला संध्याकाळी ट्रक निघताना, पगाराला महिनाअखेरीस. बाकी वेळ मशीनं चालू आणि रिकामी. पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही सगळी माहिती ठेवतात, त्याचं लायसन्स मशीनच्या आत किती कोअर आहेत त्यावर लागतं. कोअर म्हणजे आकडेमोड करणारं डोकं. सावे सोपं करून सांगायचे, "जितकी डोकी, तितकं भाडं. डोकं काम करतंय की झोपलंय, ते कंपनी बघत नाय."

सात मशीनमुळे एक प्रथाही पडली होती. खंडेनवमीला वसाहतीतल्या सगळ्या कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. आमच्याकडे प्लँटमधल्या यंत्रांबरोबर सर्व्हरचीही व्हायची, आणि प्रत्येक विभागाचा प्रमुख आपापल्या मशीनचा नारळ फोडायचा. आत नाही. हवेच्या जाळीत झेंडूची पाकळी गेलेली सावे यांना चालत नसे, नारळाचं पाणी तर दूरच. सगळं दाराबाहेरच्या पायरीवर. हे सात नारळ सावे स्वतः केळव्याहून आणत. कोपऱ्यावरच्या दुकानात नारळ मिळतो, असं कोणीतरी त्यांना एकदा सुचवलं होतं. त्यावर त्यांनी त्या माणसाकडे इतका वेळ पाहिलं, की पुन्हा कोणी सुचवलं नाही.

*

लायसन्सचं वार्षिक नूतनीकरण जवळ आलं आणि मुंबईच्या मुख्य कार्यालयाने बिलाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. तिकडून मेहता नावाचे अधिकारी आले. त्यांचा प्रस्ताव सरळ होता. तारापूरची खोली बंद करायची, सगळी माहिती मुंबईला हलवायची, सावे यांनीही तिकडे यायचं.

सावे यांनी त्यांना खुर्ची दिली, कारण मेहतांकडे काम होतं. मग म्हणाले, "खोली राहू दे. मशीनं कमी करतो."

"किती कमी?"

"एक ठेवतो."

मेहता हसले. सावे हसले नाहीत. त्यांनी मांडलेला हिशेब असा होता. सात जुन्या मशीनमध्ये मिळून जितकी डोकी आहेत, त्याच्या एका छोट्या हिश्शात नवं मशीन सातांचं काम करेल, कारण नव्या मशीनचं प्रत्येक डोकं जुन्यापेक्षा कितीतरी तेज आहे. मशीन महाग येईल, पण एकदाच. लायसन्सचं भाडं दर वर्षी वाचेल. बंद पडलं तर हाताशी असावी म्हणून सगळ्याची नक्कल रोज मुंबईला जात राहील.

"आणि सगळे विभाग एकदम आले तर?" मेहतांनी विचारलं. "महिनाअखेरीला?"

"येऊ देत."

ठरलं असं. नवं मशीन घ्यायचं. महिनाअखेरीचा दिवस त्याने एकट्याने निभावला, तर खोली राहील आणि सावेही राहतील. नाही निभावला, तर दोघंही मुंबईला.

सगळं मनासारखं झालं होतं. तरी त्या बैठकीत शेवटी सावे यांनी एक विचित्र मागणी केली. म्हणाले, "हे दसऱ्यानंतर केलं तर?"

नूतनीकरण दसऱ्याच्या आधी होतं. नंतर केलं तर पुढच्या वर्षाचं सगळं भाडं भरूनच करावं लागलं असतं. देशमुखांनी ते समजावून सांगितलं. जे गणित सावे यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं, तेच त्यांना समजावून सांगावं लागलं.

"बरोबर आहे," सावे म्हणाले आणि स्वेटरची बाही ओढत उठले. नव्या मशीनला मुहूर्त हवा असेल, असा सगळ्यांनी अर्थ काढला. मीही तोच काढला.

*

आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. महिनाअखेरच्या शुक्रवारी, कारखाना बंद असताना, दिवसाउजेडी सावे यांनी सातही मशीनमधली माहिती नव्यात नेली. प्रत्येक विभागाचा वाटा वेगळा ठेवला, एकाने दुसऱ्याचं ओढून घेऊ नये म्हणून मर्यादा घातल्या. मग जुनी मशीनं एकेक करून बंद केली. बंद करण्याआधी प्रत्येकावर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मी काचेतून पाहत होतो. माझ्याकडे आत जाण्यासारखं काम नव्हतं.

शनिवारी सकाळी सगळे विभागप्रमुख त्या काचेबाहेर जमले. त्यांना मशीन चालावं असं वाटत होतं की पडावं असं, हे सांगणं अवघड आहे. आपल्या हक्काचं मशीन गेल्याचं दुःख प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होतं.

"सगळे गाड्या एकसाथ काढतो आज," तिवारी म्हणाले. "बघू या, पहिलवान किती उचलतो."

त्यांनी खरोखरच संध्याकाळच्या ट्रकचे कागद सकाळीच काढायला लावले. प्रयोगशाळेने तपासण्या पाठवल्या. पगार सुरू झाले. आतल्या पडद्यावर कामाचा भार दाखवणारी हिरवी रेघ चढू लागली. मेहता आत खुर्चीवर बसून ती पाहत होते. दुपारच्या सुमारास ती रेघ एकदम वर उसळली आणि तिथेच थांबली. डिस्पॅचचे पडदे अडखळू लागले. गेटवर एका ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"गेलं," काचेबाहेर कोणीतरी म्हणालं. त्या आवाजात थोडं समाधान होतं.

सावे यांनी पडद्यावर दोन ठिकाणी पाहिलं आणि फोन उचलून अकाउंट्सच्या वर्तकबाईंना लावला.

"बाई, काम काय?"

पलीकडून बाईंचा आवाज इतका मोठा होता की मेहतांनाही ऐकू गेला. "काम काय काय विचारता? रिपोर्ट येत नाहीये तुमचा!"

"किती वेळा बटण दाबलंत?"

"दाबतेच आहे केव्हाची!"

"जरा प्रिंटर बघा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "अगंबाई."

झालं होतं ते असं. वर्षानुवर्षं वर्तकबाई महिन्याच्या रिपोर्टचं बटण दाबून चहाला जात. चहा, गप्पा, मग परत. तोवर रिपोर्ट येत असे. या वेळी त्यांनी बटण दाबलं आणि पर्स घ्यायला वळल्या, तेवढ्यात काम संपल्याची खूण पडद्यावर आली. इतक्यात रिपोर्ट होणं शक्यच नाही, म्हणजे बिघडलं, असं समजून त्यांनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. मग शेजारच्या टेबलांवरून सगळ्यांना दाबायला सांगितलं. नवं मशीन प्रत्येक वेळी इमानेइतबारे आख्खा रिपोर्ट काढत होतं. प्रिंटरमधून कागद जमिनीवर सांडत होते.

सावे यांनी अकाउंट्सची मर्यादा थोडी आवळली. हिरवी रेघ खाली आली. तिवारींचे ट्रक निघाले. पगार दुपारीच संपले, जे काम एरवी रात्रीपर्यंत चालत असे. प्रयोगशाळेचे प्रमुख काचेपाशी येऊन हळूच म्हणाले, की आमचं तर खूप लवकर झालं, काही राहिलं नाही ना?

संध्याकाळी मेहता उठले. त्यांना कौतुकाचे शब्द सहज येत नसावेत. दारापाशी जाऊन वळले आणि म्हणाले, "सावे, मुंबईत तुमचं काही काम दिसत नाही."

काचेबाहेर पहिली टाळी तिवारींनी वाजवली. मग सगळ्यांनी. देशमुखांनी पेढे मागवले. वर्तकबाईंनी पेढ्याचा पुडा सावे यांच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "आता आम्ही चहाला जायचं कधी, तेवढं सांगा." सावे यांनी टाळ्या थांबेपर्यंत स्वेटरचं वरचं बटण लावलं, काढलं, परत लावलं. त्रैमासिकाच्या पहिल्या पानावर मी मथळा दिला: सातांचं काम एकाने केलं.

*

खंडेनवमी आली तेव्हा नवा पेच उभा राहिला. मशीन एक, तर नारळ एक. तो फोडायचा कोणी? सगळ्यात जुनं मशीन आमचं होतं, असं वर्तकबाईंचं म्हणणं. सगळ्यात जास्त भार आमचा, असं तिवारींचं. देशमुखांनी तोडगा म्हणून स्वतःचं नाव सुचवलं, ते कोणालाच पटलं नाही. सावे या वादात पडले नाहीत.

आदल्या दिवशी त्यांची स्कूटर पंक्चर होती. मी म्हणालो, केळव्याला मी सोडतो.

"तुमचं केळव्याला काम काय?"

"फोटो हवेत अंकाला."

हे कारण त्यांना चाललं.

सावे यांचं घर म्हणजे आता एक आळी आहे. दोन सख्खे भाऊ आणि पाच चुलत, सगळ्यांची घरं ओळीने, मागे सुपारी, नारळ आणि पानवेली. वाडीची वाटणी झाली तेव्हा सावे नोकरीला लागले होते. झाडं तुम्ही घ्या, मला पगार आहे, असं तेच म्हणाले होते. भांडण झालं नाही, हसतखेळत झालं. जाताना मोटारसायकलवर मागे बसून हे त्यांनीच मला सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "मग तिथं माझं काही काम उरलं नाय."

पहिल्या घरी थोरल्या भावाने ओटीवरूनच हाक मारली. "आला बघा साहेब! काय काम काडलंस?"

"नारळ पायजे. मशीनच्या पूजेला."

"दर वरसाला नारल. मशीनला पाजतोस काय रे तू?"

चहा आला. पुतणीने मोबाइल आणून दिला, काहीतरी अडकलं होतं. सावे यांनी ते सोडवलं. अंगणातून शोधून एक नारळ मिळाला. मी पिशवी उघडून म्हणालो, "चला, काम झालं."

"हा अकाउंट्सचा," सावे म्हणाले आणि शेजारच्या घराकडे निघाले.

अकाउंट्सचं मशीन बंद होऊन धूळ खात होतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मी पिशवी घेऊन मागे गेलो. दुसऱ्या घरी डिस्पॅचचा नारळ मिळाला आणि पुन्हा चहा. तिसऱ्या घरी प्रयोगशाळेचा, आणि नवरात्राचे उपास म्हणून भाजलेली रताळी. चौथ्या घरी भाऊ सुका नारळ काढून द्यायला लागला, तर सावे त्याच्याशी चांगलेच भांडले. सुका चालत नाय, पाणी पायजे. तेवढ्यासाठी एकाला झाडावर चढावं लागलं. तो चढेपर्यंत आणि उतरेपर्यंत सावे बाकड्यावर बसून होते, आणि भावाच्या सुनेकडे तिच्या माहेरच्या एकेका माणसाची चौकशी करत होते. या माणसाला एवढा वेळ बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

सातवं घर काकींचं. सावे यांना आणि त्यांच्या सगळ्या भावंडांना त्यांनी लहानपणी एका चुलीवर जेवू घातलं होतं. आता नजर कमी झाली आहे, कान तिखट आहेत.

"दिन्या, ये. मशिना किती रे तुजी आता?"

सावे म्हणाले, "सातच, काकी."

"एकच र्‍हायली म्हनतात ना? मुरबे गावच्या पोराने सांगितलं. तुमच्याच गेटवर काम करतो तो."

सावे यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हातातली पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. अंगणात सगळ्या घरांतली पोरं खेळत होती.

काकी उठल्या. भिंतीच्या आधाराने आत गेल्या आणि नारळ घेऊन आल्या. सोललेला, शेंडी नीट राखलेला. तो आधीच काढून ठेवला असणार.

"आमी सगल्यांनी आयकलं ते," त्या म्हणाल्या. "पन नारल सातच ने हां. मशीन मोटी झाली, तर पूजा ल्हान करतात काय?"

म्हणजे आळीतल्या सातही घरांना माहीत होतं. पहिल्या घरापासून.

परतताना सावे मागे बसले होते. पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. बोईसरचा पूल आला तेव्हा म्हणाले, "एक चालू, सहा बॅकअप. असं म्हणता येईल."

"म्हणता येईल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पायरीवर सात नारळ रांगेत मांडलेले होते. सात प्रमुखांनी सात फोडले, एकाच वेळी, कारण पहिला कोण याचा वाद तसाच राहिला होता. तिवारींच्या नारळाचं पाणी वर्तकबाईंच्या साडीवर उडालं. देशमुखांना नारळ मिळाला नाही. त्यांनी प्रसाद वाटला आणि मन लावून वाटला. आत नवं मशीन एकटं गुणगुणत होतं.

गर्दी पांगल्यावर मी त्या खोलीचं दार ढकललं.

"काम काय?"

"काही नाही," मी म्हणालो.

सावे यांनी मान वर केली. उत्तर त्यांच्या ओळखीचं नव्हतं. मग एसीवाल्याची खुर्ची पुढे ओढली, बाहीने पुसली, आणि खोबऱ्याची वाटी माझ्यासमोर ठेवली.

"बसा मग," ते म्हणाले. "थंडी वाजेल. स्वेटर आणायचा होतात."